फरशीखालची ओल: आधी पाण्याचा माग काढा, मग इलाज करा

रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं. आजोबांच्या वेळी आत शेणाने सारवलेली जमीन होती. नंतर कोबा आला, आणि पंधरा वर्षांपूर्वी त्या कोब्यावरच विट्रिफाइड फरशी बसवली. दुसऱ्याच गणपतीत मधल्या खोलीतली सतरंजी उचलली तर खालची बाजू ओली गच्च, आणि फरशीच्या सांध्यांतून मिठासारखी पांढरी भुकटी वर आलेली. आम्ही घाबरून वरून केमिकलचा लेप मारून घेतला. पहिल्याच पावसाळ्यात त्याला फोड आले. दुसरा लेप मारला, तेव्हा फरशी कोरडी दिसू लागली, पण ओल भिंतीत दीड फूट वर चढली.

तिसऱ्या वर्षी एक वयस्क गवंडी आले. घरात पाऊल टाकण्याआधी त्यांनी बाहेरून एक फेरी मारली, मागच्या बाजूला उकिडवे बसले, भिंतीला हात लावला आणि विचारलं, "जोतं कुठंय तुमचं? गाडलंत काय?" खरंच गाडलं होतं. अंगणात भर घालून पेव्हर ब्लॉक बसवताना जोतं म्हणजे पायाचा जमिनीवर दिसणारा भाग; १८ इंचांच्या जोत्यातले जवळजवळ १४ इंच आम्ही मातीखाली घातले होते. दोन लेपांवर खर्च केलेले पैसे वाया गेले ते ही एक गोष्ट कुणी न बघितल्यामुळे.

तळमजल्यावर राहणाऱ्या किंवा गावचं घर दुरुस्त करायला निघालेल्या कुणावरही ही वेळ येऊ नये, म्हणून क्रमाने लिहितो. क्रम मात्र मोडू नका. बहुतेकांचं चुकतं ते इथेच: पायरी ६ पासून, म्हणजे थेट फरशीच्या कामापासून, सुरुवात होते.

हाताशी काय असावं

- जाड पारदर्शक प्लास्टिकचे १८ इंच × १८ इंचांचे चार-पाच तुकडे आणि रुंद चिकटपट्टी
- मोजपट्टी, पाण्याची लेव्हल नळी, खडू
- छिन्नी, हातोडी, कोरडा ताठ ब्रश
- तापमान आणि हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ
- घराचा जुना नकाशा. पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या पाइपांचा नकाशा असेल तर फारच उत्तम
- एक वही आणि तारखेसह काढलेले फोटो

भिंतीत दोन सुया टोचून आकडा दाखवणारं ओलमापक यंत्र मिळतं. ते मुळात लाकडासाठी बनवलेलं असतं आणि भिंतीत क्षार असले की आकडा उगाच फुगतो. दोन जागांची तुलना करायला ते ठीक आहे, पण त्या आकड्यावर विसंबून कुणी तुम्हाला काम विकत असेल तर थांबा.

पायरी १. ओल कुठून येते ते ओळखा

ओली फरशी दिसायला एकसारखीच, पण तिच्यामागची कारणं निरनिराळी असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

हवेतली वाफ थंड फरशीवर बसते, हे पहिलं. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेली हवा साधारण २६ अंशांच्या पृष्ठभागाला लागली की तिथे पाणी धरू लागतं. जमिनीला टेकलेली फरशी हवेपेक्षा थंड असते. म्हणून पाऊस सुरू झाला की, विशेषतः महिनोन्‌महिने बंद असलेलं गावचं घर आल्या आल्या उघडलं की, फरशी घामेजते. पुसली की तासाभरात परत ओली, सगळ्या खोलीभर सारखीच, आणि पांढरी भुकटी नाही.

जमिनीतली ओल वर शोषली जाते, हे दुसरं. काँक्रीट, वीट, जांभा या सगळ्यांत बारीक पोकळ्या असतात. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं पाणी त्यांतून चढतं. भिंतीत ते बहुधा कंबरेच्या आतच थांबतं. तिथे एक वेडीवाकडी आडवी रेघ दिसते आणि तिच्यावर क्षारांचा पांढरा पट्टा असतो.

तिसरं म्हणजे बाजूने येणारं पाणी. उतारावरच्या घरात डोंगराकडच्या बाजूने ते भूमिगत झिरपतं आणि पायाला अडतं. मोठा पाऊस झाल्यावर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत ओल वाढते, उघाडी पडली की ओसरते.

चौथं, फुटका पाइप किंवा चुकीच्या जागेचा शोषखड्डा. ही ओल मे महिन्यातही तशीच राहते. रात्री सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याची पातळी खडूने खूण करून ठेवा. सकाळी पातळी उतरली असेल तर आधी प्लंबर बोलवा.

आणि नवं बांधकाम असेल तर पाचवं: काँक्रीटचं स्वतःचंच पाणी. ५० किलोच्या एका गोणीत २५ लिटर पाणी घातलं, तर सिमेंटशी रासायनिक संयोग होऊन त्यातलं साधारण निम्मंच बांधलं जातं. उरलेल्यातलं बरंचसं हळूहळू बाहेर पडायचं असतं, आणि गुत्तेदार 'माल जरा पातळ करा' म्हणतो तेव्हा ते आणखी वाढतं.

आता चाचणी. फरशी स्वच्छ पुसून पूर्ण कोरडी करा. प्लास्टिकचा तुकडा ठेवा आणि चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद करा. किमान १६ तास ठेवा. मी दोन दिवस ठेवतो. उचलल्यावर प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब किंवा काळपट डाग दिसला तर ओल खालून येते आहे. वरची बाजू ओली आणि खालची कोरडी असेल तर हवेतली वाफ बसते आहे. विट्रिफाइड फरशी स्वतः पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे तुकडा सांध्यांवर येईल असा ठेवा. एखादी फरशी काढून खालच्या कोब्यावर चाचणी केली तर त्याहून खात्रीशीर.

इथे एक मोठी फसगत होते. ही चाचणी मे महिन्यात करून "खाली सगळं कोरडं आहे" असा निर्वाळा देणारे भेटतात. जुलै-ऑगस्टमध्ये करा. आणि एकच तुकडा नको. कोपऱ्यात, बाहेरच्या भिंतीलगत, मध्यभागी, न्हाणीघराशेजारी असे वेगवेगळे लावा.

पांढऱ्या भुकटीकडेही नीट बघा. थोडी खरवडून तिच्यावर लिंबू पिळलं आणि फसफसलं, तर तो चुनखडीचा अंश. न फसफसता पाण्यात सहज विरघळली तर दुसरे क्षार आहेत, आणि किनारपट्टीवर त्यात खाडीच्या न धुतलेल्या वाळूतलं मीठ असू शकतं. मीठ हवेतलीच आर्द्रता ओढून घेतं. अशी भिंत मे महिन्यात कोरडी ठणठणीत असते आणि मृगाचा पहिला पाऊस पडायच्या आधीच, नुसत्या दमट वाऱ्याने, ओली होते. जमिनीतून थेंबभर पाणी न चढताही.

पायरी २. एक पावसाळा नोंद ठेवा

घराचा हाताने नकाशा काढा. ओल दिसली की तारीख टाकून ती जागा रंगवा, भिंतीवर पेन्सिलीने ओलीच्या वरच्या कडेची रेघ मारा. दर पंधरा दिवसांनी हेच. चार महिन्यांचं हे टिपण कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त सांगतं. आमच्या नकाशावर सगळे रंग मागच्या, डोंगराकडच्या भिंतीलगत गोळा झाले होते. आधीच्या दोन्ही लेपवाल्यांनी काम केलं होतं ते खोलीच्या मध्यावर.

पायरी ३. बाहेरचं पाणी घरापासून दूर न्या

निम्म्याहून जास्त काम इथेच होतं असं माझं ठाम मत आहे, आणि यात केमिकल काहीच लागत नाही.

एक साधा हिशेब करून बघा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. १,००० चौरस फुटांचं, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटरचं छप्पर असेल तर हंगामात जवळजवळ २ लाख ८० हजार लिटर पाणी त्यावरून खाली येतं. पागोळ्या जोत्यालगत पडत असतील तर हे सगळं तुमच्या पायाला पाजलं जातं. म्हणून:

पन्हाळी लावा, आणि त्यांचं पाणी पाइपाने घरापासून किमान १० फूट दूर सोडा. उतरता पाइप कोपऱ्यात जोत्याशी आणून तिथेच मोकळा सोडणं ही गावोगावी दिसणारी चूक आहे.

अंगणाचा उतार तपासा. जोत्यापासून पहिल्या १० फुटांत जमीन ६ इंच उतरलेली हवी. लेव्हल नळीने मोजा, डोळ्यांवर भरवसा नको. आमचं अंगण सपाट दिसायचं, प्रत्यक्षात ते घराकडे दोन इंच उतरलेलं होतं.

जोतं मोकळं करा. भिंतीतला ओल अडवणारा थर, ज्याला गवंडी डीपीसी म्हणतात, बाहेरच्या जमिनीपासून निदान ६ इंच वर राहिला पाहिजे. बाहेर भर, पेव्हर, फुलझाडांचे वाफे, तुळशीभोवतीचा नवा कट्टा यांपैकी काहीही त्या थराच्या वर गेलं की ओलीला वळसा घालून जायला वाट मिळते. आम्ही मागच्या बाजूचे पेव्हर काढून एक फूट भर उपसली. त्याच जागी खाली जुन्या गिलाव्याची कड लागली. चिऱ्याला बोट लावलं तर फेब्रुवारी महिन्यात तो थंडगार आणि ओला होता.

उताराच्या वरच्या बाजूने पाणी येत असेल तर चर खणा. भिंतीपासून ५-६ फूट लांब, घरातल्या फरशीच्या पातळीपेक्षा दीड-दोन फूट खोल, पण पायाच्या तळाखाली कधीही नाही. पायाजवळ त्याहून खोल खणलं तर पायाच उघडा पडतो. चराला आतून पाणी झिरपू देणारं कापड लावा, त्यात २० ते ४० मिलिमीटरची खडी, तळाशी ४ इंची छिद्रांचा पाइप, आणि १०० फुटांत निदान १ फूट उतार. पाइपाचं तोंड खालच्या बाजूला उघड्यावर काढा. शेजाऱ्याच्या आवारात किंवा विहिरीकडे नको. कापड न लावता नुसती खडी टाकलेला चर दोन-चार पावसाळ्यांत मातीने बुजतो.

शोषखड्डा आणि संडासाची टाकी कुठे आहे तेही बघा. शोषखड्डा भिंतीलगत असेल तर वरचं बाकी सगळं करूनही ती बाजू ओलीच राहते.

हे करून एक पावसाळा जाऊ द्या, असं मी आग्रहाने सांगतो. अनेक घरांत पुढच्या पायऱ्यांची गरजच उरत नाही.

पायरी ४. फक्त हवेतली वाफ असेल तर

दमट दिवशी दारंखिडक्या सताड उघडू नका, हे ऐकायला उलटं वाटतं पण खरं आहे. बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असेल तर ती आत घेऊन काय साधणार? पंखा चालू ठेवा, उन्हं पडलेल्या कोरड्या वेळी खिडक्या उघडा, कपाट-पेट्या फरशीपासून दोन इंच उचला आणि भिंतीला चिकटवू नका. सतरंजी, गालिचे पावसाळ्यात गुंडाळून ठेवा. शहाबादी किंवा शेणाने सारवलेल्या जमिनीत हे पाणी थोडं मुरायचं आणि परत उडून जायचं, म्हणून जुन्या घरात ते डोळ्यांना दिसत नसे.

पायरी ५. भिंतीतली ओल

डीपीसी नसलेल्या जुन्या भिंतीत औषध भरण्याची पद्धत आहे. बाहेरच्या जमिनीपासून ६ इंच वर, साधारण १२ मिलिमीटर व्यासाची भोकं एकमेकांपासून १२० मिलिमीटरच्या आत पाडून पाणी अडवणारं, सिलेन-सिलोक्सेन प्रकारचं द्रव किंवा मलम भरतात. विटेच्या सरळ थरांच्या भिंतीत, गारा सलग असेल तिथे, ते बरं चालतं. जांभ्याच्या किंवा मातीच्या गाऱ्यातल्या दगडी भिंतीत पोकळ्या आणि फटी असतात, औषध कुठल्या कुठे निघून जातं. तिथे आधी एका छोट्या तुकड्यावर करून बघा आणि मगच सबंध घराचा सौदा करा.

खराब गिलावा ओलीच्या रेघेच्या वर निदान एक फुटापर्यंत काढून टाका. क्षार कोरड्या ब्रशने झाडा आणि तो चुरा गोळा करून बाहेर टाका. पाण्याने धुतलं तर मीठ विरघळून पुन्हा भिंतीतच शिरतं. मग भिंत उघडी ठेवून सुकू द्या, आठवडे नव्हे, महिने. नंतर चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग. ओल्या भिंतीवर घट्ट सिमेंटचा गिलावा आणि वर तेलाचा रंग चढवला की पाणी कोंडतं आणि आणखी वर चढतं.

पायरी ६. फरशी उकरून नव्याने करणं

खालून ओल येते हे चाचणीत सिद्ध झालं असेल आणि बाहेरचं पाणी हटवूनही ती थांबली नसेल, तर टिकणारा इलाज हाच. जानेवारी ते मार्चमध्ये सुरू करा. थर खालून वर असे:

१. जुनी फरशी, कोबा आणि भिजलेली भर काढा. उरलेली माती थराथराने धुमसून घट्ट करा. वाळवीचं औषध याच टप्प्यावर मारून घ्या.

२. ४ ते ६ इंच जाड, मोठ्या आकाराची धुतलेली खडी. मोठ्या पोकळ्यांतून पाणी वर चढू शकत नाही, हे तिचं काम. आमच्याकडे सर्रास नुसता मुरूम भरतात. मुरूम स्वतःच पाणी ओढतो.

३. खडीची टोकं प्लास्टिकला टोचू नयेत एवढाच, अगदी पातळ, ग्रीटचा म्हणजे बारीक खडीचा थर.

४. किमान २५० मायक्रॉन जाडीचा पॉलिथिनचा कागद. सांध्यांवर ६ इंच एकमेकांवर घ्या आणि चिकटवा, भिंतीलगत डीपीसीच्या पातळीपर्यंत वर वळवा. पाइप वर येतो तिथे कागद कापून सैल सोडू नका, पाइपाभोवती पट्टीने घट्ट बांधा.

५. वर ४ इंच काँक्रीट, पाणी मोजून. साधं सिमेंट असेल तर निदान ७ दिवस आणि फ्लायॲश मिश्रित असेल तर निदान १० दिवस ओलं ठेवा.

काँक्रीट ओतायच्या दिवशी तुम्ही स्वतः तिथे उभे राहा. फावड्याच्या एका फटक्याने, घमेलं खेचण्याने, बुटाच्या टाचेने कागद फाटतो आणि त्यावर माल पडला की ते कुणालाच कळत नाही. मी दिवसभर चिकटपट्टीचं रीळ मनगटात अडकवून उभा होतो. सात ठिकाणी ठिगळं लावावी लागली.

मग सुकायला वेळ द्या. कोरड्या हवेत १ इंच जाडीला साधारण १ महिना, म्हणजे ४ इंचांना चार महिने, हा ढोबळ हिशेब. पावसाळ्याचे महिने यात धरू नका. प्लास्टिकची चाचणी पुन्हा करा आणि मगच फरशी बसवा. विनाइल किंवा लाकडी फरशी असेल तर विशेष काळजी घ्या.

उकरणं शक्यच नसेल तर यंत्राने घासून पृष्ठभाग उघडा करून दोन भागांचा, ओलीसाठीचाच एपॉक्सी लेप मारता येतो. खालून जोराने दाबणारं पाणी तो रोखत नाही. आणि फरशी बंद झाल्यावर ओल भिंतींकडे वळू शकते, हे आमच्या घराने दाखवलं आहे. भिंतींचा बंदोबस्त त्याच्या आधी झालेला हवा.

पायरी ७. काम देताना काय लिहून घ्यावं

तोंडी "१० वर्षांची गॅरंटी" काही कामाची नाही. कोटेशनमध्ये हे मागा: ओलीचं कारण काय धरलं आहे, कोणती चाचणी केली, कोणतं उत्पादन, किती चौरस फुटांना किती किलो, पृष्ठभाग कसा तयार करणार, गॅरंटीत नेमकं काय येतं आणि ती कोण देतो. डब्यांचे बॅच क्रमांक दिसतील असे फोटो काढा, बिलं जपा. शेवटचा हप्ता एक पावसाळा गेल्यावर द्यायचं ठरवा. प्रामाणिक गुत्तेदार याला बहुधा तयार होतो.

शहरातल्या नव्या इमारतीत तळमजल्याचा फ्लॅट असेल तर वेगळा रस्ता आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष लक्षात आणून दिला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. खरेदीखत, ताबापत्र, तारखेसह फोटो आणि लेखी तक्रारीची पोच एवढं जवळ ठेवा. स्वखर्चाने दुरुस्ती करण्याआधी लेखी कळवा, नाहीतर पुरावाच नाहीसा होतो.

इंजिनिअरला कधी बोलवायचं

भिंतीला ३ मिलिमीटरहून रुंद तडे असतील, दारं अचानक अडकू लागली असतील, काँक्रीटवर गंजाचे तांबूस डाग उतरले असतील, तर हा मामला नुसत्या ओलीचा राहिलेला नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीवर तर हे फार लक्षात ठेवा. ती माती भिजली की फुगते, सुकली की आकसते आणि पाया वर-खाली होतो. तिथे चर खणण्याआधीही स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्या.

आमच्याकडे काम होऊन दोन पावसाळे गेले. मी दर जुलैत त्याच पाच जागी प्लास्टिक लावतो. चार तुकडे कोरडे निघतात. पाचवा, न्हाणीघराशेजारच्या कोपऱ्यातला, अजून काळपट डाग दाखवतो. तिथला जुना सांडपाण्याचा पाइप या जानेवारीत उकरून बघायचा आहे.